मळीतला भरीव गड्डा

तांबे गाळण्याचा तो मोठा कारखाना बंद पडून पुष्कळ वर्षे लोटली होती. परंतु त्याने मागे ठेवलेल्या काळ्या डोंगरावर आजही कित्येक घरांच्या चुली पेटत होत्या. भट्टीत तांबे वितळले, की त्याचा मळ रसावर तरंगतो. तो मळ उचलून मागच्या माळावर ओतावा आणि विसरून जावे, हा कारखान्याचा शिरस्ता होता. ही मळी थिजली, की काचेसारखी काळी आणि कठीण बनते. मात्र घाईने ओतलेल्या मळीबरोबर थोडे तांबेही वाहून जाते व तिच्या पोटात दाण्यादाण्याने अडकून बसते. ते अडकलेले तांबे सोडवून घेणे, हाच त्या वस्तीचा व्यवसाय होता. पुरुष घणाने मळी फोडीत, चक्कीत तिचा चुरा होई, आणि बायका तो चुरा वाहत्या पाण्याच्या पन्हळीत धूत. हलकी मळी वाहून जाई, जड तांबे तळाशी राही. मग ते मुकादमाच्या भट्टीत वितळून पुन्हा तांबे म्हणून जन्म घेई.

ह्या डोंगरावर एका घणवाल्याच्या कानाची मोठी कीर्ती होती. त्याला सारे वैद्य म्हणत. मळीच्या ढेपेवर तो घण हलकेच टेकवी, मान कलती करी आणि आतल्या आत उठणारा आवाज ऐकत राही. ढेप टणत्कार करून वाजली, तर आत नुसती मळी. धप्प अशी दबून वाजली, तर आत तांबे. हा निवाडा त्याने दिला, की त्यावर अपील नसे.

“वैद्यबुवा, पेशंट जगतो का?” असे कोणी विचारी.

“पेशंट जगला तर तुझी पोरं काय खातील? मरू दे त्याला,” असे म्हणून तो घण उगारी.

त्या डोंगरावर दोन नियम होते. पहिला खुणेचा. प्रत्येक घणवाल्याने आपल्या घणाच्या तोंडावर कानशीने एक खूण कोरलेली असे. ज्याची खूण ढेपेवर प्रथम उमटली, त्याचा त्या ढेपेत अर्धा वाटा. वैद्याची खूण दोन आडव्या रेघांची होती. दुसऱ्याची खूण मोडणे म्हणजे भर चौकात त्याच्या थोबाडीत मारणे. दुसरा नियम भट्टीचा. मळी पाणी पिते. म्हणून भट्टीत जाणारा प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या कठड्यावर रात्रभर वाळवायचा. तापलेल्या रसाखाली पाणी सापडले, की डोळ्याचे पाते लवण्याआधी त्याची वाफ होते, आणि ती वाफ रस, विटा आणि माणसे ह्यांच्यात भेद करीत नाही. ह्या नियमातून सूट होती ती एकट्या भरीव तांब्याला. भरीव तांबे पाणी पीत नाही. ते थेट रसात जाई. हे दोन नियम वाचकाने ध्यानात ठेवावेत, कारण पुढचा सारा रक्तपात त्यांतूनच निघाला.

त्या दिवशी सकाळी, पन्हळीचे पाणी जेथे झिरपून जाई त्या ओलसर खळग्यात, वैद्याच्या पहारेला काहीतरी अडले. उकरून पाहतो तो पालथ्या कढईच्या आकाराचा एक गड्डा. अंगावर हिरवट गंज, आणि हलवू म्हटले तर हलेना. वैद्याने घण उचलून हाणला. मळी असती तर तिच्या ठिकऱ्या उडाल्या असत्या. हा गड्डा फुटला नाही. उलट घणच उसळला, आणि धप्प असा इतका खोल आवाज आला, की वैद्याच्या अंगावर काटा उभा राहिला. गड्ड्यावर दोन आडव्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.

त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा मुकादमाच्या भट्टीवर कामाला होता. धुतलेले दाणे नेण्यासाठी तो फावडे घेऊन तेथेच आला होता.

“दाजी, इकडे या,” वैद्य म्हणाला. “हे ऐका.” आणि त्याने घणाचा दांडा गड्ड्यावर आपटला.

दाजींनी वाकून पाहिले. रेघांवरून बोट फिरविले. “लेका, जन्माचं काम केलंस की,” ते हसून म्हणाले. “आता आक्काला नवा पंखा घेऊन दे. माझ्याकडनं तर काही होत नाही.”

ते हसू अजून ओठांवर होते, तोच मुकादमाचा धाकटा भाऊ आपल्या दोन माणसांसह तेथे आला. त्याला सारे धाकला म्हणत. अंगाने रेड्यासारखा, आणि थोरल्या भावाच्या सावलीत वाढल्यामुळे कोणाचेही न ऐकण्याची त्याला सवय जडलेली.

“कोणाचं आहे हे?”

“खूण आहे त्याच्यावर,” वैद्य म्हणाला. “वाचता येत नसेल तर चाचपून बघ.”

“कुठाय खूण?” धाकला म्हणाला; आणि जवळच्या माणसाच्या हातातला घण ओढून त्याने त्या दोन रेघांवर घाव घातला. मग दुसरा. मग तिसरा. तांबे मऊ असते. ते दबले, पसरले, आणि रेघा त्यात बुडून गेल्या. “मला तर दिसत नाही बाबा. तुला दिसते का रे?”

वैद्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने घण टाकून दिला, कारण घण हातात राहिला तर आपण खून करू, हे त्याला त्या क्षणीही उमगत होते, आणि डोके खाली घालून त्याने धाकल्याच्या तोंडावर धडक मारली. दात मोडल्याचा आवाज त्याच्या कवटीत घुमला. धाकला मागे कोलमडला, ओठांतून रक्ताची धार लागली. वैद्य त्याच्या छातीवर बसला आणि मुठींनी त्याचे तोंड कुटू लागला. परंतु त्या दोघा माणसांनी त्याला केसांना धरून मागे खेचले. मग जे सुरू झाले त्याला भांडण म्हणता येणार नाही. त्यांतल्या एकाच्या फावड्याचा दांडा त्याच्या गुडघ्यावर बसला, पुन्हा त्याच गुडघ्यावर बसला, मग बरगड्यांवर. मळीच्या धारदार कपच्यांवर तो पालथा पडला, आणि त्याच्या गालाची कातडी सोलून निघाली. धाकल्याने तोंडातला दात थुंकला, आणि वैद्याचा डावा पंजा बुटाखाली धरून टाच गरकन फिरविली. दोन बोटे वाळक्या काटकीसारखी मोडली.

गलका ऐकून मुकादम आला. मुकादम आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हता. त्याने गड्डा पाहिला, भावाचे तोंड पाहिले, आणि तो दाजींकडे वळला.

“भट्टीवाले, तुम्ही इथंच होता. खूण कोणाची होती?”

दाजींच्या हातात फावडे होते. ते त्या फावड्याकडे पाहत राहिले.

“दाजी,” जमिनीवरून वैद्य म्हणाला. “बोट फिरवलंत तुम्ही त्याच्यावरनं.”

“मी काही बघितलं नाही,” दाजी म्हणाले.

त्या चार शब्दांनी वैद्याला जे झाले, ते फावड्याच्या दांड्याने झाले नव्हते.

“भरीव आहे ना?” धाकल्याने बुटावर आणखी भार देत विचारले. “सांग की, वैद्यबुवा. फी देतोय ना तुझी?”

येथे वैद्य म्हणू शकला असता, मला ठाऊक नाही. परंतु सारा डोंगर गोळा झाला होता. त्याची बोटे गेली होती, खूण गेली होती, नाते गेले होते, आणि उरला होता एक कान. तो त्याला देववेना.

“भरीव आहे,” तो दात खाऊन म्हणाला. “पोटापर्यंत भरीव. असा आवाज मी आजवर ऐकला नाही. चोरताय ते निदान काय चोरताय हे कळू द्या.”

मुकादमाने मान डोलाविली. “मग वाळवत कशाला बसायचं? संध्याकाळच्या रसात सोडा. भट्टीवाले, तुम्हीच सोडा स्वतःच्या हातानं.”

वैद्याला घरी दोघांनी धरून आणले; त्याचा घणही एकाने उचलून आणला. बायकोने त्याच्या गालातल्या कपच्या एकेक करून काढल्या, मोडलेली बोटे पट्टीला बांधली. ती कामापुरतेच बोलणारी बाई होती.

“दात किती पाडले?” तिने विचारले.

“एक.”

“एकासाठी एवढं?”

“हसू नको. बरगडी दुखते.” मग तो म्हणाला, “आक्काला सांग, तिचा भाऊ आहे. पण दाजी मला मेले.”

बायकोचे हात थांबले. भट्टीवाल्यांच्या घरांत एक रीत कडक पाळली जाई. माणूस भट्टीवर असताना त्याच्या नावापुढे मरणाचा शब्द कोणी उच्चारीत नसे. चुकून निघालाच, तर उच्चारणाऱ्याने स्वतः जाऊन त्या माणसाला जिवंत पाहून यायचे. “असं बोलू नका,” ती म्हणाली. “भट्टीवर आहे माणूस.”

“असू दे.”

दुपारी नळाला पाणी आले. तिने नळी लावून खोलीतले पत्र्याचे पिंप भरून घेतले. रिकामे असताना ह्या पिंपाला नुसता धक्का लागला तरी ते शेजारघरापर्यंत दणाणे. वैद्य भिंतीशी पाय पसरून बसला होता. गुडघ्यात कळ आली, पाय झटकला गेला, आणि टाच पिंपावर आपटली.

धप्प.

त्याने मान कलती केली. पुन्हा टाच मारली. धप्प. खोल, दबलेला, पोटातून आलेला आवाज. सकाळी त्याने जो ऐकला होता, तोच.

वैद्याच्या तोंडचे पाणी पळाले. तो गड्डा मिळाला कोठे, तर पन्हळीचे पाणी वर्षानुवर्षे मुरत आलेल्या खळग्यात. घण उसळला तो तांब्यावरून खरा. परंतु ते तांबे केवळ साल असू शकते. ओतताना बाहेरून तांबे थिजते, आत मळी आक्रसते आणि पोकळी राहते. एखादी बारीकशी चीर पुरे. पाणी थेंबाथेंबाने आत जाऊन बसते, आणि पोकळ भांडे भरीव बोलू लागते. पाण्याला तो तांबे म्हणाला होता. आणि त्याच्या ह्या शब्दावर विसंबून तो गड्डा न वाळविता रसात जाणार होता, दाजींच्या हाताने.

मनुष्याच्या मनाच्या तळाशीही मळी असते, हे कबूल केले पाहिजे. वैद्य जागचा हलला नाही. त्याने डोळे मिटले आणि बुटाची टाच पुन्हा पाहिली, फावड्याकडे पाहणारे दाजी पाहिले. आपण काही करायचे नव्हते. केवळ भिंतीला टेकून बसायचे होते.

“काय झालं?” बायकोने विचारले.

“काही नाही.”

बाहेर भट्टीचा पंखा सुरू झाला. त्याची घरघर साऱ्या वस्तीत ऐकू येई. ती चढली, की रस तयार होत आला असे समजावे. वैद्य ती ऐकत राहिला. ‘दाजी मला मेले’ हे त्याचेच शब्द त्या घरघरीतून त्याला परत ऐकू येऊ लागले, आणि ते आता शिवीसारखे वाटेनात. बातमीसारखे वाटू लागले.

“माझा घण दे,” तो म्हणाला.

“मारामारीला निघालात?”

“चालायला काठी पाहिजे. दे लवकर.”

घणाचे तोंड काखेत आणि दांडा जमिनीवर टेकून, एक पाय ओढीत तो निघाला. ती मागोमाग येऊ लागली, तेव्हा त्याने तिला दटावून परत पाठविले.

भट्टीची शेड पत्र्याची होती. आत हिरवट ज्वाळा उठत होत्या आणि रस पिवळाधमक होऊन थरथरत होता. दाजी आणि धाकला समोरासमोर उभे राहून लांब दांड्याच्या सांडशीत तो गड्डा तोलून धरीत होते. मुकादम खुर्ची टाकून बसला होता. आक्का नवऱ्यासाठी चहा घेऊन आली होती आणि किटली हातात घेऊन दारातच उभी होती.

“सोडू नका,” वैद्य ओरडला. “पोकळ आहे. पाणी आहे आत.”

धाकल्याने सुजलेल्या ओठांनी हसण्याचा प्रयत्न केला. “घ्या. सकाळी पोटापर्यंत भरीव होतं. संध्याकाळी पाणी झालं.”

“माझा कान चुकला.”

दाजींनी वैद्याकडे पाहिले. लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत ह्या मेहुण्याच्या तोंडून हे शब्द त्यांनी कधी ऐकले नव्हते, आणि सांडशीचा दांडा त्यांच्या हातात किंचित मागे आला.

“मुकादम,” दाजी म्हणाले, “रात्रभर कठड्यावर ठेवू. काय बिघडतं?”

“रात्रभरात तो कठड्यावरून चालत ह्याच्या घरी जाईल,” मुकादम म्हणाला. “सकाळी तुम्हाला दिसलं नव्हतं, भट्टीवाले. आता कसं दिसायला लागलं? सोडा.”

“दाजी, नका.”

“सोडा म्हणतो ना.”

दाजी वळले. त्यांच्या खांद्याला त्या आवाजाची सवय होती. खांदा आधी वळला, माणूस नंतर. गड्डा भट्टीच्या तोंडाकडे सरकला. तेव्हा वैद्याने काखेतला घण काढला, एका पायावर उभा राहिला, उजव्या हाताने तो फिरविला आणि दाजींच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, घातला.

हाड मोडल्याचा आवाज त्याने नीट ऐकला. त्यात कोणतीही चूक नव्हती. दाजी किंचाळले, सांडशी सुटली, गड्डा कठड्यावर आपटून जमिनीवर घरंगळला. दाजींचा हात कोपराखाली जेथे वाकू नये तेथे वाकला होता.

आक्का धावत आली. तिने हातातली किटली भावाच्या तोंडावर हाणली. गरम चहा त्याच्या सोललेल्या गालावर उसळला. “कसाई आहेस,” ती म्हणाली. “सख्ख्या बहिणीचा कसाई आहेस तू.” “बाहेर ने त्यांना,” एवढेच तो म्हणाला. ती नेणारच होती. नवऱ्याच्या कमरेत हात घालून तिने त्याला ओढीत दाराबाहेर नेले.

तोपर्यंत मुकादमाची माणसे वैद्यावर तुटून पडली होती. त्याला पायांना धरून, मुठीतल्या घणासकट, फरशीवरून फरफटत त्यांनी अंगणात आणले, आणि तेथे लाथा सुरू झाल्या. मुकादमही त्यांच्यामागून बाहेर आला, पाहण्यासाठी. आत एकटा धाकला राहिला.

“मीच सोडतो,” तो आतून म्हणाला. “भट्टीवाला लागतो कशाला?”

गड्डा कोणी रसात सोडला, तर त्याचा आवाज कसा येतो हे वैद्याला माहीत होते. तो आवाज त्याने ऐकला. मग, लाथांच्या मधल्या विसाव्यात, त्याने एक बारीक शिटी ऐकली. चिरेतून वाफ निघत होती.

“धाकल्या, पळ,” तो मातीत तोंड असताना म्हणाला. ते धाकल्यापर्यंत पोहोचले नाही.

शेडचे छप्पर एका तुकड्यात वर उचलले गेले आणि मग तुकड्यातुकड्यांनी खाली आले. विटा दारातून उडाल्या. पिवळा रस हवेत पसरला आणि जेथे जेथे पडला तेथे तेथे त्याने पेट घेतला. लाथा मारणाऱ्यांपैकी एकाच्या पाठीवर तो सांडला आणि तो मनुष्य जमिनीवर लोळत ओरडू लागला. धाकला दारातून चालत बाहेर आला. दोन पावले तो खरोखर चालला. त्याच्या छातीपासून वर जे होते, त्याचे वर्णन मी करणार नाही. मग तो गुडघ्यांवर बसला आणि तसाच राहिला.

मुकादम भावापाशी गेला. हात लावण्यासारखी जागा शोधीत त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. कितीतरी वेळ तो तसाच उभा होता. नंतर त्याने जमिनीवर पडलेला वैद्याचा घण उचलला.

“तुला माहीत होतं,” तो म्हणाला. आवाज तेव्हाही चढला नव्हता. “सकाळी तोंडानं भरीव म्हणालास. तुला माहीत होतं.”

“नव्हतं,” वैद्य म्हणाला. त्याला उठता येत नव्हते. “चुकलो होतो.”

“तू कधी चुकत नाहीस.”

ही कीर्ती वैद्याने आयुष्यभर कमावली होती. घण वर गेला.

तेवढ्यात दोघांच्या मध्ये दाजी येऊन उभे राहिले. आक्काने फडक्याने बांधायला घेतलेला हात अर्धवट सुटून लोंबत होता, चेहरा राखेसारखा झाला होता, आणि दुसऱ्या हातात काही नव्हते; फावडेसुद्धा नव्हते.

“खूण ह्याची होती,” दाजी म्हणाले. “दोन रेघा. मी बोट फिरवलं होतं. मी सकाळी बोललो असतो तर तुमचा भाऊ असता. मारायचं तर आधी मला मारा.”

घण वरच राहिला. मुकादमाला मारायला काहीतरी हवे होते, आणि समोरचा माणूस बाजूला होत नव्हता. त्याची नजर फिरली. दाराशेजारी त्या गड्ड्याची अर्धी साल येऊन पडली होती, आतून काळी, बाहेरून लाल, अंगठ्याएवढ्या जाडीची. मुकादम तिच्याकडे गेला आणि तिच्यावर घाव घालू लागला.

ती वाजली. पाणी गेलेले ते तांबे घंटेसारखे खणखणीत वाजले, पहिल्या घावाला वाजले, दुसऱ्याला वाजले, आणि प्रत्येक घावाबरोबर तिच्यावर दोन आडव्या रेघा उमटत गेल्या, एकीवर एक. मुकादमाचे तिकडे लक्ष नव्हते. वैद्य मातीवर गाल टेकून ऐकत होता.

दाजी त्याच्या शेजारी खाली बसले.

“उजवाच कशाला मोडलास रे?” ते म्हणाले.

“डावा लांब होता.”

आक्का आली. तिने भावाकडे पाहिले नाही. फडके पुन्हा नवऱ्याच्या हाताभोवती गुंडाळले, गाठ मारली, आणि उरलेला तुकडा दातांनी टरकन फाडून, तशीच दुसरीकडे पाहत, वैद्याच्या गालावर दाबून धरला.